मंत्रिमहोदय, ती बोट माझ्या बाबांच्या मालकीची नव्हती

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अखत्यारीतल्या एका कार्यालयाचं पत्र समोर ठेवून हे लिहिते आहे. पत्राचा विषय असा: ‘आपल्या मालकीच्या रामदास या नौकेच्या नुकसानभरपाईबाबत’. खाली तीन ओळी. नौकेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि चालू परवान्याची प्रत जोडून विहित नमुन्यात अर्ज करावा, म्हणजे विचार करता येईल. पत्र माझ्या बाबांच्या नावाने आलं आहे. ते येण्याच्या नऊ दिवस आधी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, बाबा वारले.

रामदास ही माझ्या बाबांच्या मालकीची होडी नव्हती. ती १९३६ साली इंग्लंडात बांधलेली आगबोट होती. १७ जुलै १९४७ रोजी, गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास ती मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या रेवसला निघाली. तासही झाला नव्हता, तोवर काशाच्या खडकाजवळ ती उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसं घेऊन तळाला गेली. त्या माणसांत माझे आजोबा होते. बाबा तेव्हा सहा वर्षांचे होते.

आपल्याला बाबा आठवत असतील असं मी अजूनही धरून चालले आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या धक्क्यावर नव्या प्रवासी शेडचं उद्घाटन झालं, तेव्हा आपण व्यासपीठावरून खाली उतरून त्यांचा हात हातात घेतला होता. त्यांच्या दुसऱ्या हातात बुडालेल्यांच्या नावांची वही होती. आपण ती चाळलीत आणि माईकवर सगळ्यांसमोर म्हणालात की तीन महिन्यांत या धक्क्यावर नावांचा फलक लागेल, आणि बोटीच्या चौकशीचे जे काही कागद सरकारकडे असतील ते बघायला मिळतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा घरी येऊन त्या रात्री जेवले नाहीत, इतका त्यांना आनंद झाला होता. त्यानंतर त्यांनी सात पत्रं लिहिली. सातही मी टपालपेटीत टाकली. उत्तर एकच आलं, ते वर सांगितलंच.

मला बाबांच्या आजारपणाबद्दल आपल्याला काही सांगायचं नव्हतं, पण सांगते. शेवटचे दोन महिने ते पोस्टमनची वाट बघत. पोस्टमन आमच्याकडे अकराच्या पुढे येतो. साडेदहाला मी त्यांना उठवून बसवायची, उशी पाठीशी, चश्मा डोळ्यांवर. बारा वाजले की म्हणत, चल, आडवं कर मला आता. हे रोज चालायचं. मला रोज खोटं बोलावं लागे की सरकारी काम आहे, वेळ लागतो, पण होणार नक्की.

ती वही ही काय वस्तू आहे तेही सांगते. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. रविवार आला की सायकल काढायची आणि रेवस, बोडणी, मांडवा, सासवणे, थळ, पुढे अलिबाग, चौल असं गावोगाव फिरायचं. ‘तुमच्यातलं रामदासात कोण गेलं?’ एवढाच प्रश्न. तीस वर्षांत वहीत १४१ नावं झाली. सहाशेंहून अधिकांपैकी १४१. काही नोंदी अशा आहेत: ‘धाकटा भाऊ, नाव घरात कुणाला आठवत नाही.’ ‘बाईमाणूस, कडेवर मूल, सासर कुठलं ठाऊक नाही.’ बाबा म्हणत, निम्मी घरं तर मुंबईतच, तिकडे मी कुठे पोचणार.

बोट बुडाली तेव्हा मेलेल्यांचा आकडासुद्धा एक नाही. तो निरनिराळ्या लेखांत निरनिराळा सापडतो. याचं कारण साधं आहे. तिकिटावर नाव नव्हतं. बोटीत मालाची गोणी चढली की तिची पावती होते, कारण गोणीला धनी असतो आणि धनी भांडायला येतो. माणूस चढला तर फक्त तिकीट फाटतं. जिवंतपणी ज्यांना कुणी नावानिशी मोजलं नाही, ते मेल्यावर कसे मोजले जाणार? साहेब, माझं सगळं भांडण या एका गोष्टीशी आहे.

त्या दिवशी आषाढ अमावास्या होती. गटारी. पावसाळी उधाणाची भरती. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला या तिथीची भीती शिकवावी लागत नाही. उधाणाला बंदराच्या तोंडातून पाणी इतक्या ओढीने आत-बाहेर करतं, की समोरून नैऋत्येचा वारा आला तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. खडकाच्या आसपास पाणी उथळ, तिथे त्या आणखी चढतात. अशा पाण्यात पाऊस चुकवायला म्हणून माणसं एका अंगाला सरकली की बोट त्या अंगाला कलते. आत आलेलं पाणी कललेल्याच बाजूला धावतं, ती आणखी कलते, आणि पुढची लाट तिला सावरायला वेळ देत नाही. रामदासाचं असंच झालं असं वाचलेली माणसं सांगत. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईत कित्येक तास कुणाला पत्ता नव्हता. माणसं वाचवली ती मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या आमच्या कोळी बांधवांनी. त्यांनी मासळी समुद्रात टाकली आणि माणसं वर घेतली.

दुसऱ्या दिवशी, १८ जुलैला, लंडनमध्ये भारताच्या स्वातंत्र्याच्या कायद्याला राजाची संमती मिळाली. देश आपल्या जन्माच्या गडबडीत होता. मी ते समजू शकते. पण त्याला आता पाऊणशेहून जास्त वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक यादी होऊ नये?

माझे आजोबा गिरणीत होते. त्यांचं प्रेत मिळालं नाही. प्रेत नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही. प्रवाशांत नाव नाही म्हणून ते बोटीत होते याचाही पुरावा नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात कलम १०८ होतं. सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरता येतं. सव्विसाव्या वर्षी माझी आजी ती सात वर्षं मोजत बसली. तोवर सातबारावर वारस नोंद होईना. शेताचा तुकडा चुलत दिराने करायला घेतला तो कायमचाच. तलाठ्याने तिला विचारलं होतं, तुझा नवरा मुंबईला दुसरं घर करून राहिला नाही कशावरून? हे वाक्य ती मरेपर्यंत विसरली नाही. कुंकू लावायचं की पुसायचं हे तिला सात वर्षं कुणी सांगितलं नाही. जत्रेत बांगड्या भरायला बसली तर बायका बघत, नाही बसली तरी बघत. आगरी घरातली बाई, पण तिने पुन्हा मासळी तोंडात घातली नाही. का, ते कुणी तिला विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. आमच्या घरात आषाढ अमावास्येला आजही चूल मासळीला शिवत नाही.

एक नाव कुठेतरी लिहिलं गेलं असतं तर त्या बाईचं शेत वाचलं असतं. स्मारक म्हटलं की मंत्र्यांना पुतळा दिसतो, चौथरा दिसतो, निविदा दिसते. आम्हाला एक यादी हवी आहे.

मुंबई बंदराने आठवण ठेवलीच नाही असंही नाही. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्यासाठी देशभर दर वर्षी १४ एप्रिलपासून सप्ताह पाळतात, आणि पाळायलाच हवा. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन, कारण १९१९ साली त्या दिवशी लॉयल्टी हे भारतीय कंपनीचं जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आपण त्या दिवशी छातीला छोटा ध्वज लावून घेता, फोटो छापून येतो. जहाज निघालं तो दिवस पाळता, बोट पोचली नाही तो दिवस मात्र आम्ही आमच्या आमच्या घरात पाळायचा.

रामदासच्या आधीही याच किनाऱ्याने पाहिलं आहे. जयंती आणि तुकाराम या दोन आगबोटी ११ नोव्हेंबर १९२७ला एकाच दिवशी वादळात गेल्या. २०२७ साली त्याला शंभर वर्षं पूर्ण होतील. युनेस्कोचा २००१चा करार आहे, शंभर वर्षं पाण्याखाली असलेल्या अवशेषांना वारसा म्हणून जपावं असं तो म्हणतो. भारताने त्यावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. म्हणजे या बोटींना शंभर वर्षं झाली काय आणि दोनशे झाली काय, आपल्या दप्तरी त्या भंगारच.

हे सगळं जुनं झालं असं आपले अधिकारी म्हणतील. म्हणून नवं सांगते. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. पंधरा माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. लगेच जॅकेटची सक्ती झाली. त्यानंतर काही महिन्यांनी मी बाबांना मुंबईच्या इस्पितळात न्यायला एका लाँचमध्ये बसले. जॅकेट छताला सुतळीने बांधलेली, गाठ इतकी आवळलेली की माझ्याने सुटेना. धक्क्यावर माणसं मोजायला कुणीही नव्हतं. तिकिटावर तारीख होती, भाडं होतं, नाव नव्हतं. बाबा तिकीट उलटंपालटं करून बघत होते. म्हणाले, बघ, अजून तेच.

सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ साली पहिल्यांदा झालेला. त्यात प्रवासी जहाज सुटण्याआधी माणसं मोजायचा नियम आहे. परदेशी जाणाऱ्या जहाजाला जे लागू, ते आमच्या खाडीच्या लाँचला का नको? किनाऱ्यावरून रेवस-रेड्डी सागरी मार्ग होणार, पूल होणार, त्यांवरून किती गाड्या जातील याची मोजणी कित्येकदा झाली असेल. बंदरात उतरलेली मासळी टनांत मोजता, कंटेनर मोजता, निवडणुकीत घराघरांतून आमची डोकी मोजता. होडीत बसलेलं माणूस तेवढं मोजायचं राहतं. मग ते बुडालं की पहिल्या दिवशी एक आकडा, दुसऱ्या दिवशी दुसरा, आणि ‘बेपत्ता’ हा शब्द. माझी आजी त्या शब्दात सात वर्षं राहिली.

फलक आता बाबांसाठी लावू नका, ते गेले. पण चौकशीचे कागद खुले करा. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं त्यांनी नाव नोंदवावं असं एक जाहीर आवाहन करा, मुंबईत आणि रायगडात. आणि उद्यापासून प्रत्येक धक्क्यावर एक माणूस, एक वही, बोट सुटण्याआधी प्रत्येकाचं नाव. याला निविदा लागत नाही.

विहित नमुन्यातला अर्ज मी भरलेला नाही. परवान्याची प्रत माझ्याकडे नाही.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
अलिबाग तालुका

ता. क. वहीच्या सर्व पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ वही मी कुठल्याही कार्यालयात जमा करणार नाही. पाहायची असेल तर कुणालातरी घरी पाठवा. अकराच्या पुढे मी घरीच असते.