मथळ्यातला ‘मुळे’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतले ‘कॉफीमुळे आयुष्य वाढते’ हे कात्रण आमच्या ह्यांनी फ्रीजवर, गॅसच्या नंबराशेजारी चिकटवले आहे. त्या दिवसापासून दुपारी चारला तिसरा कप सुरू झाला. मी तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले, त्यामुळे खोड जात नाही; कात्रण शेवटपर्यंत वाचले. अगदी तळाला होते की लोकांना ‘रोज किती कप घेता?’ असे विचारले आणि पुढे काही वर्षे त्यांच्या तब्येतीची नोंद ठेवली. कॉफी कोणी कोणाला पाजली नव्हती! आजारी माणूस बहुधा आधीच कॉफी सोडतो. मग उरलेले कॉफीवाले ठणठणीत दिसले तर नवल काय? ही झाली पाहणी. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी द्यायची, तो प्रयोग. बातमीत मात्र दोन्ही ‘संशोधनातून सिद्ध’च होतात.

हा शब्दांचा कीस नव्हे. अमेरिकेत १९७६ साली परिचारिकांची मोठी पाहणी सुरू झाली. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार बराच कमी, असे तीत दिसले. अशा पाहण्यांच्या भरवशावर डॉक्टर हृदय जपण्यासाठीही या गोळ्या लिहून देऊ लागले. पुढे १६,६०८ स्त्रियांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला. तो २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. स्तनाचा कर्करोग वाढत होता, आणि हृदयविकार कमी होण्याऐवजी थोडा जास्तच निघाला. आपणहून गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच तब्येतीला जपणाऱ्या होत्या, हे पाहणी आणि प्रयोग यांच्या निकालांतल्या फरकाचे एक कारण सांगतात. (प्रयोगातल्या बऱ्याच जणींचे वय जास्त होते, असाही एक मुद्दा आहे.)

म्हणून पाहणी टाकाऊ ठरत नाही. चिठ्ठ्या टाकून कोणाला सिगारेट ओढायला लावणार? डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाच्या सवयी आणि मृत्यू नोंदवत नेले; सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध त्यातून ठळक झाला, आणि तीही पाहणीच होती.

विनंती एवढीच, की लोकांना नुसते विचारले, वर्षानुवर्षे पाहिले की चिठ्ठ्या टाकून देऊन पाहिले, हे बातमीच्या पहिल्या दोन ओळींत यावे. आणि नुसते पाहिले असेल तर मथळ्यात ‘मुळे’ नको. आमचे कात्रण मी काढलेले नाही. त्यातल्या ‘मुळे’भोवती लाल पेनाने गोल तेवढा केला आहे.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा