बंगलोरला येतेयस तर कॉफीचं आधीच सांगून ठेवते

प्रिय चिमे,

महिनाभर इथे येतेयस हे वाचून इतकं बरं वाटलं ना! राहायचं माझ्याकडेच, त्यात चर्चा नको. ट्रेनिंग व्हाइटफिल्डला असलं तरी काही बिघडत नाही, मेट्रोने मॅजेस्टिकला लाइन बदलायची की थेट आमच्या बसवनगुडीच्या बाजूला. लांब पडतं, पण बसायला जागा मिळते बहुतेक वेळा. आणि मेसेजच्या शेवटी जे विचारलंस, की कॅफेत गेलं की मेन्यूतलं काही कळत नाही म्हणून कायम कॅपुचिनोच मागते, तू तिकडे काय पितेस, ते वाचल्यावर मला मोबाइलवर दोन ओळी टाइप करून सोडवेना. हा विषय माझ्या फार जवळचा आहे गं, म्हणून निवांत बसून लिहितेय.

तर सगळ्यात आधी माझी ऑर्डर सांगून टाकते. ओंदु स्ट्राँग कॉफी, सक्करे कम्मी. म्हणजे एक स्ट्राँग कॉफी, साखर कमी. हे एवढं कन्नड पाठ करून ये, बाकीचं मी शिकवते. 'स्ट्राँग' हा शब्द इथे फार कामाचा आहे कारण तो म्हटला की काउंटरमागचा माणूस पेल्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, जास्त घालतो आणि दूध कमी, आणि नाही म्हटला तर बऱ्याच ठिकाणी दुधाळ, गोड कॉफी येते, ती वाईट नसते पण कॉफीची चव मागे राहते. आणि दोघी असलो तर बाय-टू मागायची, एका कॉफीचे दोन पेले करून देतात, कोणी वाकडं तोंड करत नाही, इथली रीतच आहे ती.

पहिल्याच आठवड्यात तुला शंकरपुरमला घेऊन जाणार आहे, ब्राह्मिन्स कॉफी बारला. 1965 पासूनचं दुकान आहे, केवढुसं आहे बघशील, आणि मेन्यू म्हणजे इडली, वडा, खारा भात (म्हणजे उपमा), केसरी भात (म्हणजे शिरा), चहा, कॉफी, संपलं. सांबार मिळतच नाही, फक्त चटणी, पण ती चटणी मागाल तेवढी वाढतात. पैसे आधी द्यायचे, प्लेट घ्यायची आणि बाहेर फुटपाथवर जिथे जागा मिळेल तिथे उभं राहून खायचं. सकाळी लालबागेत फिरून आलेले आजोबा, शाळेच्या युनिफॉर्ममधल्या मुली, गळ्यात आयडी कार्ड अडकवलेले आयटीवाले, रिक्षावाले, सगळे एकमेकांना खेटून उभे, सगळ्यांच्या हातात तोच पेला आणि तीच कॉफी. मला हे फार म्हणजे फार आवडतं चिमे. वीस-पंचवीस रुपयांत गावातली उत्तम कॉफी कोणालाही मिळते, त्यासाठी कपडे बघून कोणी आत घेत नाही की मेन्यू वाचता यावा लागत नाही. अशी उभ्याने खायची दुकानं, दर्शिनी म्हणतात त्यांना, ऐंशीच्या दशकात इथे सुरू झाली आणि मग गल्लोगल्ली पसरली. मधे ब्राझील आणि व्हिएतनामला पीक कमी आलं आणि जगभर कॉफी महागली तेव्हा इथेही पेल्यामागे दोन-चार रुपये वाढले, आणि त्याची चर्चा शहरात कशी चालली होती सांगू, आपल्याकडे दुधाचे भाव वाढले की चालते तशी.

आता ही कॉफी अशी का लागते ते पण सांगते कारण ते कळल्यावर प्यायला जास्त मजा येते. दोन मजली फिल्टर असतो, वरच्या भांड्याला तळाशी बारीक भोकं, त्यात पावडर भरायची, हलकी दाबायची, वरून कढत पाणी, झाकण, आणि मग विसरून जायचं. थेंब थेंब करून खाली जो अर्क पडतो तो डिकॉक्शन. त्याला कुठलंही मशीन नाही, प्रेशर नाही. आणि पावडरमध्ये चिकोरी असते, ही एका झाडाची मुळी, वाळवून भाजून दळलेली, आपल्या गुजरातेतही पिकते. तिच्यात कॅफिन अजिबात नसतं पण तिच्यामुळे डिकॉक्शन दाट आणि काळंभोर होतं आणि कितीही दूध घातलं तरी चव टिकते. नव्या कॅफेंमधले लोक चिकोरीला भेसळ म्हणतात. मला ते पटत नाही. भेसळ म्हणजे लपवून घातलेली गोष्ट, इथे तर पाकिटावर प्रमाण छापावंच लागतं, कायद्याने कॉफी निदान 51 टक्के हवी. दूध घालून प्यायच्या कॉफीत थोडी चिकोरी असली तर ती त्या कॉफीची चवच आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ठरवून घेतलेली चव आहे. पण थोडी, हां. कॉफी 80, चिकोरी 20 इथपर्यंत ठीक, त्याच्या पुढे गेलं की नुसताच कडवट रंग उरतो असं माझं मत.

एमटीआरला, म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्सला, पण जाऊ, लालबाग रोडवर. 1924 चं आहे, आणि रवा इडली त्यांनीच काढली, दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून रव्याची करून बघितली म्हणे. तिथे कॉफी चांदीच्या पेल्यात येते. पण रांग मोठी असते त्यामुळे हे एकदाच, तू पाहुणी आहेस म्हणून. विद्यार्थी भवनला डोसा खायला जायचं, कॉफी तिथली चांगलीच आहे पण तिथे डोसाच राजा. मल्लेश्वरमची दुकानं पुढच्या आठवड्यात, मेट्रोच्या ग्रीन लाइनवरच आहे.

पण एक जागा अशी आहे जिथे मला तुझ्याबरोबर निवांत दोन तास बसायचंय, ती म्हणजे चर्च स्ट्रीटवरचं इंडिया कॉफी हाऊस. त्याची गोष्ट तुला माहीत असायला हवी. इंग्रजांच्या काळात कॉफीचा खप देशातच वाढावा म्हणून ही कॉफी हाऊसं काढली गेली, पहिलं तर 1936 साली आपल्या मुंबईत चर्चगेटला निघालं, आणि पुढे सरकारी कॉफी बोर्डाने देशभर चालवली. मग पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली, कामगारांना काढायला सुरुवात झाली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी सोसायट्या केल्या आणि कॉफी हाऊसं स्वतः चालवायला घेतली. त्यातली पहिली सोसायटी 1957 साली इथे बंगलोरलाच झाली. म्हणजे तुझ्यासमोर जो पांढऱ्या युनिफॉर्ममधला, डोक्यावर फेटा आणि कमरेला पट्टा लावलेला माणूस कप आणून ठेवतो तो नोकरही आहे आणि मालकही. आपण साखर कारखान्यांच्या आणि दूध सोसायट्यांच्या प्रदेशातल्या मुली, आपल्याला सहकार नवा नाही, पण वेटरांनी हॉटेल ताब्यात घेऊन इतकी वर्षं चालवलं हे मला दरवेळी तिथे बसलं की आठवतंच आणि त्या कपाची किंमत वाढते. आधी एमजी रोडवर होतं, 2009 मध्ये ती जागा सोडावी लागली आणि चर्च स्ट्रीटला आलं, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं शेवटचा कप प्यायला गर्दी करून आली होती असं इथले लोक अजून सांगतात. तिथे माझी ऑर्डर वेगळी असते, कॉफी आणि स्क्रॅम्बल्ड एग्ज ऑन टोस्ट, आणि कॉफी तिथली हलकी असते, फेसाळ नाही, दर्शिनीशी तुलना करायचीच नाही. तिथे बसायला जायचं, बोलायला. कोशीज कॅफेचं पण तेच, सेंट मार्क्स रोडवरचं, तिथे तर लोक पेपर घेऊन अख्खी सकाळ बसतात.

आता तुझा खरा प्रश्न, कॅपुचिनोचा. अगं ते सगळं मुळात एकच आहे, घाबरू नकोस. एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून प्रेशरने अर्ध्या मिनिटात काढलेला एक घोट दाट कॉफी. त्यात गरम दूध आणि वर जाड फेस म्हणजे कॅपुचिनो, दूध जास्त आणि फेस पातळ म्हणजे लाटे, दूध त्याहून कमी म्हणजे फ्लॅट व्हाइट, आणि जेवढी कॉफी तेवढंच दूध म्हणजे कोर्टाडो. तुला पुण्याच्या वैशाली हॉटेलची फिल्टर कॉफी आवडते ना, मग मी सांगते, कॅफेत तू कोर्टाडो माग. छोटा ग्लास येतो, कॉफी जाणवते आणि दूधही असतं, फिल्टर कॉफीच्या सगळ्यात जवळचं तेच. मी थर्ड वेव्ह किंवा ब्लू टोकाय या कॅफेंत गेले की बहुतेक तेच घेते, काम असेल तर दुसरा पण.

आणि एकदा, फक्त एकदा, माझ्यासाठी पोअर ओव्हर पिऊन बघ. बिनदुधाची, बिनसाखरेची. तू नाक मुरडणार मला माहितीये, पण ऐक तरी. कागदाच्या फिल्टरमधून हळूहळू पाणी ओततात, कागद तेल धरून ठेवतो त्यामुळे खाली येणारी कॉफी एकदम स्वच्छ, चहासारखी पातळ दिसते, आणि कमी भाजलेली असते म्हणून तिला फळासारखा आंबटपणा असतो. पहिल्या घोटाला विचित्र वाटेल. जरा निवू दे, मग पी, निवल्यावर चव उघडते तिची. आणि मेन्यूवर मळ्याचं नाव लिहिलेलं असतं ते वाचायचं. अट्टिकन, रत्नागिरी (आपलं नव्हे, इथे बाबाबुडनगिरीच्या डोंगरात आहे हा मळा). त्याच डोंगरावर बाबा बुडन नावाचे सूफी संत येमेनहून सात बिया घेऊन आले आणि त्या लावल्या अशी कथा आहे, इथली सगळी कॉफी तिथून सुरू झाली म्हणतात. आज देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी एकट्या कर्नाटकात होते, कोडगू, चिकमगळूर, हासन. मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफी आणि त्या झाडांवर चढवलेले मिरीचे वेल. मार्च-एप्रिलात पहिला पाऊस झाला की सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो आणि वास जाईसारखा येतो, मी एकदा नेमकी तेव्हा तिथे होते आणि तो वास मला अजून आठवतो. सुट्टी मिळाली तर एक शनिवार-रविवार चिकमगळूरला जाऊच. तिथे पांडुरंग कॉफी म्हणून दुकान आहे, नावावरूनच तुझ्या आईला आवडेल.

मला कधी कधी वाटतं आपल्या घरांतल्या कॉफीबद्दल कोणी बोलतच नाही. आजीची जायफळ-वेलदोड्याची कॉफी आठवते ना? सहाणेवर जायफळ उगाळून घालायची, दूध आटवून, आणि ती कॉफी रोज नाही, कोणी रात्री जागायचं असेल, पाहुणे उशिरा आले असतील, उपास असेल तेव्हा. कॉफीच्या वड्या पण मिळायच्या, दुधात टाकली की झाली. तीही आपली एक पद्धत आहे, पूर्ण विचार करून केलेली, आणि ती एकाही कॅफेच्या मेन्यूवर नसते याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि कॉलेजमधली, पुण्याच्या दुर्गा कॅफेची कोल्ड कॉफी! रात्री पौड रोडवर गाडीवर बसून. तिची बरोबरी इथल्या कुठल्याही कोल्ड ब्रूने केलेली नाही, हे मी इथल्या लोकांना ठासून सांगते.

परत जाताना पावडर न्यायची ती मी निवडणार. गांधी बाजारला समोर दळून देतात, दुकानाच्या आधी दोन दुकानं वास येतो. तिथे पीबेरी मागायची. एका फळात एरवी दोन बिया असतात, एका बाजूने चपट्या, पण काही फळांत एकच बी धरते आणि ती गोल होते, ती पीबेरी, गोल असल्यामुळे सगळीकडून सारखी भाजली जाते म्हणतात. पीबेरी 80, चिकोरी 20, पाव किलोच घे, जास्त नको, दळलेल्या कॉफीचा वास महिन्याभरात उडून जातो. फिल्टर स्टीलचा घेऊ, दोघांपुरता, पितळी दिसतो छान पण घासायचा कंटाळा येतो. तीन मोठे चमचे भरून पावडर, दाबायची हलक्या हाताने, जोरात दाबलीस तर पाणी खालीच उतरणार नाही, आणि पाणी नुकतं उकळून थांबलेलं. रात्री झोपताना लावून ठेव म्हणजे सकाळी उठल्या उठल्या दूध तापवलं की काम झालं. डिकॉक्शन मात्र पुन्हा उकळायचं नाही, काही झालं तरी, कडू होतं. उरलं तर फ्रिजमध्ये ठेव आणि संध्याकाळी गरम दुधात घाल.

तिकीट काढलंस की कळव, उद्यान एक्सप्रेसने येणार असशील तर स्टेशनवर घ्यायला येते.

तुझीच,
बंगलोरवाली