बुधवारी सकाळी मी फोन का उचलत नाही

लॅरमी, वायोमिंग, अमेरिका
रविवार, २९ मार्च २०२६

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. नमस्कार, वि. वि.

मी मजेत आहे. हे आधी लिहून टाकते, म्हणजे आई पुढचं शांतपणे ऐकेल. वहिनी, मोठ्यानं वाचून दाखवताना मधला मजकूर गाळू नकोस. गाळलेलं बाबांना बरोबर कळतं.

फोन असताना पत्र कशाला, तर फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं ते नेमकं नको तेच असतं. गेल्या रविवारी व्हिडिओवर मी गाडी दाखवली. टपावरची काडी बघून तुम्ही म्हणालात, हे काय पोलिसांच्या जीपसारखं? मी म्हटलं, टपाला भोक पाडून अँटेना बसवली. मग पंधरा मिनिटं दोन्ही बाजूंनी 'भोक' एवढा एकच शब्द चालू होता. आईनं तर रडायचंच बाकी ठेवलं होतं. म्हणून आता सगळं सविस्तर.

पहिलं म्हणजे यात बेकायदा काही नाही. याला हौशी रेडिओ म्हणतात, लोक नुसतं हॅम म्हणतात. आपल्या सेटवरून दुसऱ्या परवानावाल्यांशी बोलायचं, ती काडी त्या सेटचीच. सरकारी परवाना घ्यावा लागतो, त्याची परीक्षा असते. ३५ प्रश्न, त्यातले २६ बरोबर यावे लागतात, आणि सगळे मिळून चारशेहून जास्त प्रश्न उत्तरांसकट आधीच जाहीर असतात. म्हणजे आपल्या दहावीच्या अपेक्षितसारखंच. मला ३४ मिळाले. चुकलेला एक प्रश्न फ्यूजचा नव्हता, बाबा. परवान्याची फी ३५ डॉलर, मुदत १० वर्षं. त्यासाठी इथलं नागरिक असावं लागत नाही, इथला टपालाचा पत्ता असला की झालं. पूर्वी तारेचं कट्टकडकट्ट यावं लागायचं, ती अट २००७ मध्ये गेली. आपल्याकडेही असे परवाने असतात, दिल्लीहून मिळतात. २००४ साली त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद नावाच्या एक बाई याच हौसेपायी पोर्ट ब्लेअरला सेट मांडून बसल्या होत्या. फोन गेले आणि तिथले निरोप त्यांच्या सेटवरून बाहेर आले. तेव्हा हे नुसतं पोरखेळ आहे असं दादानं म्हणू नये.

दुसरं, "मोबाइल असताना हे कशाला." वायोमिंग आपल्या महाराष्ट्राहून थोडंसंच लहान आहे, पण अख्ख्या राज्यात माणसं सहा लाखांच्या आत. एकट्या लातूर जिल्ह्यात २०११ च्या मोजणीत साडेचोवीस लाख होती. इथं माळावर टॉवर उभा करायचा तर कुणासाठी? गावाबाहेर वीस-पंचवीस मैल गेलं की फोनचा नुसता आरसा होतो. माझं काम ठाऊकच आहे, डोंगरातल्या बर्फात पाणी किती ते मोजायचं. (रेल्वेनं आलेलं पाणी २०१६ मध्ये प्यालेल्या मुलीला याचाही पगार मिळतो, हे अजून खरं वाटत नाही.) बर्फ काही टॉवरखाली पडत नाही.

आता एक सांगायचं राहिलंय. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला, मी मैत्रिणीकडे मुक्कामाला आहे असं तुम्हाला सांगितलं होतं. ते तसं नव्हतं. कॅस्परहून मेडिसिन बो नावाच्या गावाकडे येत होते. मध्ये शर्ली बेसिन लागतं, मैलच्या मैल घर नाही. आभाळ स्वच्छ होतं, वरून एक कण पडत नव्हता. पण इथला वारा खाली पडलेलाच बर्फ उचलतो आणि रस्त्यावरून आडवा नेतो. बघता बघता गाडीचं बॉनेट दिसेना. कडेला घ्यायला गेले तर चाक चरात घसरलं. फोनला रेंज नाही. मग थोडा वेळ तिथंच थांबावं लागलं, दोन-तीन तास म्हणा. ब्लँकेट होतं, पाणी होतं, आईच्या शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या. सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलेलं नाही हे बघायचं आणि तासातून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, हे मला माहीत होतं. काही झालं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही महिनाभर झोपला नसता, म्हणून सांगितलं नाही. आता रागवून उपयोग नाही, सर्दीसुद्धा झाली नव्हती.

उजाडल्यावर एका गुराढोरांच्या मालकानं मला साखळीनं ओढून काढलं. त्याच्या ट्रकवर अशी काडी होती. त्यानंच इथल्या हॅमवाल्यांच्या क्लबाची माहिती दिली.

बाबा, आता तुमच्या खात्याचं. तुम्ही विचारलंत, लाइटरच्या सॉकेटमधून करंट घेतलास का? नाही. सेट ५० वॅटचा आहे, बोलताना दहा-अकरा अँपियर ओढतो, ती वायर जळली असती. थेट बॅटरीवरून वेगळी जाड वायर आणली. तांबड्या वायरीला बॅटरीपासून वीतभरावर १५ अँपियरचा फ्यूज. इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्यातून वायर आत घेतली तिथं रबरी ग्रोमेट आहे, पत्र्याची धार लागणार नाही. "फ्यूज सेटसाठी नसतो, वायरीसाठी असतो" हे तुमचं वाक्य मी क्लबातल्या आजोबांना इंग्रजीत ऐकवलं. ते चाळीस वर्षं रेल्वेत होते. त्यांनी दोनदा मान हलवली आणि तेव्हापासून मला पाना हातात देतात.

एक गोष्ट मात्र तुमच्या डेपोपेक्षा वेगळी निघाली. काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर लावायची नाही. आताच्या गाड्यांत तिथं करंट मोजणारा सेन्सर असतो, त्याला चकवून करंट गेला की गाडीचा हिशेब चुकतो. म्हणून बॅटरीची अर्थची वायर जिथं बॉडीला बोल्टनं आवळलेली असते तिथं जोडायची. जोडली. सेट लावला तर कुंईऽऽ असा आवाज, ॲक्सिलरेटर दाबला की वर चढायचा, सोडला की उतरायचा. अल्टरनेटरचा. आजोबा कुठला तरी फिल्टर विकत घ्या म्हणाले. मला तुम्ही आठवलात, आवाज आला की आधी अर्थ बघ. बोल्ट खोलला. खाली रंग तसाच! पॉलिशपेपरनं चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासला, परत आवळला, आवाज गेला. फिल्टरचे पैसे वाचले. सेट, अँटेना, वायर सगळं मिळून २८० डॉलर लागले. त्याचे रुपये करून आईला सांगू नका.

आणि ते भोक. आधी लोहचुंबकाची अँटेना लावली होती, टपावर नुसती ठेवायची. पण तिची वायर दाराच्या रबरातून आत येते. दार नीट बसेना, वारा शिट्टी घालायचा, बर्फ वितळला की वायरीवरून थेंब थेंब माझ्या खांद्यावर. शिवाय रंगावर कडं उमटलं. टपाच्या मधोमध बसवली की चोहीकडे सारखं जातं, कारण टपाचा पत्रा हाच अँटेनाचा अर्धा भाग असतो. काडी म्हणाल तर दोन वीत आणि वर दोन बोटं, बस. कडेच्या खांबात एअरबॅग असतात, त्यांच्यावरून वायर जाणार नाही हे बघितलं. आतलं कापड खाली ओढून आजोबांनी चारी बाजूंनी मोजमाप घेतलं, चिकटपट्टी लावली, पेन्सिलीनं फुली केली आणि ड्रिल माझ्या हातात दिलं. माझी गाडी, माझं भोक, म्हणाले. मी स्टुलावर उभी. आधी रंगाचा पांढरा भुगा, मग चंदेरी कीस, मग एकदम हात मोकळा झाला आणि पत्र्याची चकती आतल्या कापडावर पडली. गेंड्याच्या चित्राचे चार आणे असायचे ना, तेवढी, अजून गरम. वर रबरी वॉशर आहे, दोन हिमवादळं आणि एक गाडी धुणं झालं, थेंब आत आला नाही. ती चकती पाकिटात घातलीय. बाबा, चिमटीत धरून सांगा बरं पत्रा किती गेजचा.

हे सगळं करून मी तीन दिवस हाका मारत होते आणि कुणी ओ देईना. डोंगरावर एक यंत्र बसवलेलं असतं, आपलं बोलणं एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसरीवरून लांबवर फेकतं. पण आवाजाखाली एक बारीकसा ठरावीक सूर सोडला तरच ते दार उघडतं. मी सूर भरायलाच विसरले होते. कानाला न ऐकू येणाऱ्या सुरासाठी माझा घसा बसला.

आता बुधवारची सकाळ. इथं मंगळवारी संध्याकाळी सातला क्लबवाल्यांची रेडिओवर बैठक असते. तेव्हा लातूरला बुधवारचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, आणि नेमका तेव्हाच बाबांचा फोन येतो. मी उचलत नाही म्हणून आई रुसते. पण ही बैठक कसली, ते मलाही आधी कळत नव्हतं. एक जण मुख्य असतो. तो एकेकाला बोलावतो. बोलावलेला माणूस आपलं सरकारी चिन्ह सांगतो, तेही एकेक अक्षर सुटं करून, अल्फा, ब्राव्हो असं, म्हणजे ऐकण्यात चूक नको. मग नाव, मग गाव, आणि मग म्हणतो, "निरोप काही नाही." झालं. पुढचा. पुढचाही तेच. वीस-बावीस माणसं, बहुतेक सत्तरीची, ओळीनं सांगतात की मी अमुक, मी इथं आहे, आणि मला काही सांगायचं नाही. माझी नोंद झाली की मीही तेच म्हणते. मग मुख्य माणूस सगळ्यांचे आभार मानतो! गप्पा नंतर होतात, त्याही अँटेना, गुडघे आणि वारा या तीनच विषयांवर. दर दहा मिनिटांनी बोलणं तोडून परत आपलं चिन्ह सांगायचं, असा कायदाच आहे. गाणं लावायचं नाही, धंद्याचं बोलायचं नाही, गुपित भाषेत बोलायचं नाही. निरोप घेताना 'त्र्याहत्तर' म्हणायचं, तारायंत्राच्या काळापासून त्याचा अर्थ शुभेच्छा. अठ्ठ्याऐंशीचाही एक अर्थ आहे, तो आईला सांगण्यासारखा नाही. आणि एक सुख, आजवर एकानंही माझं लग्न झालंय का ते विचारलेलं नाही.

आई म्हणेल, आपल्या फोनवर तरी वेगळं काय असतं. जेवलीस का, जेवले. बरी आहेस ना, बरी आहे. म्हण.

पण मला किल्लारी आठवते, मी तेव्हा जन्मले नव्हते तरी. आई तान्ह्या दादाला घेऊन औशाकडे माहेरी, बाबा लातूरला डेपोत, विसर्जनाची रात्र संपते न संपते तोच जमीन हलली. बाबांना दीड दिवस काही कळलं नाही. तुम्हीच सांगायचात, कोणी येऊन नुसतं "आहेत" एवढं म्हणालं असतं तरी पुरलं असतं. बाबा, मला त्या पहाटे गाडीत हेच आठवत होतं. म्हणून २८० डॉलर गेले.

बाकीच्या शंकांची उत्तरं घाईत देते. गाडी चालवताना बटणं दाबत नाही, तीन स्टेशनं भरून ठेवली आहेत. बंद गाडीत सेट लावून बसत नाही, बॅटरी उतरत नाही. डोक्यावर काडी असली तरी मध्ये लोखंडी टप आहे, मेंदूला काही होत नाही, आत्याला सांगा. आणि नाही, या सेटवरून लातूरला बोलता येत नाही. तो डोंगराडोंगरातला आहे. घरापर्यंत पोचायचं तर मोठा परवाना, मोठी अँटेना आणि तुमच्या गच्चीवरही कुणी तरी परवानावाला लागेल.

दादाच्या खात्यात १,२०,००० आले असतील. त्यातले मंगल कार्यालयाचे बाजूला काढून उरलेल्यात बाबांचं कानाचं मशीन घ्यायचं. दोन्ही कानांचं. एकाच कानाचं घेऊन "पुरतं मला" असं म्हणायचं नाही. कमी पडले तर सांगा, संकोच करू नका, मी काही उपाशी नाही.

उदगीरच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. हो म्हटलेलं नाही, एवढंच. त्या मुलाशी दोनदा बोलले, बरा आहे. पुण्याची नोकरी सोडून तो या वाऱ्यात येणार नाही आणि मी एवढ्यात निघणार नाही, हे दोघांनाही कळलंय. पण आधी कोण म्हणणार त्यावर अडलंय. धाकट्याचं आधी होतंय म्हणून लोक बोलतील तर बोलू देत. अधिक महिन्यात वाण द्यायला जावई नाही याचं आईला वाईट वाटतं, ते वहिनीनं मला सांगितलंय.

आणि छोट्याच्या लग्नाचं. अधिक लागायच्या आत उरकायचं हे बरोबरच आहे, माझ्यासाठी पुढं ढकलू नका. माझ्या पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का नाही. आले तर परतण्याआधी मुंबईला तो घ्यावा लागेल, आणि तिथली तारीख मिळत नाही. रोज रात्री बघते. कुणी रद्द केली तर मधूनच एखादी निघते म्हणतात. तेव्हा नक्की काही धरू नका. छोट्याला मी फोनवर सांगितलं, तो "चालतंय ताई" म्हणाला. फार पटकन म्हणाला.

आई, करवलीची साडी घेतलीस असं कळलं. ब्लाउज शिवून ठेव. माप जुनंच आहे, दंडात जरा सैल.

आजीला नमस्कार. दादाच्या पोरांना पापा.

तुमची,
मनू