सुतकाचे दहा दिवस कुठे गेले?

संपादक महोदय, नमस्कार.

मागच्या वर्षी बाबा गेले, अचानक, सकाळचा चहा अर्धा ठेवून. तिसऱ्या दिवशीच गोदेवर सगळे विधी उरकून घेतले, कारण भावाला पुण्याला परत जायचं होतं आणि माझी रजा संपत होती. रजा म्हणजे काय, तर ऑफिसच्या ॲपमध्ये कॅज्युअल, सिक आणि प्रिव्हिलेज एवढेच पर्याय, मी सिक टाकली तर एचआरचा मेसेज, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. आता बाप गेल्याचं सर्टिफिकेट कुठला डॉक्टर देतो? देतात म्हणा, तेच जोडलं.

चौथ्या दिवशी मी एक्सेल उघडून बसलेले. जो तो म्हणायचा कामात मन गुंतव. आठ महिने गुंतवलं, झोप उडाली, पित्त वाढलं, आणि एक दिवस भाजीवाल्याने सहज विचारलं, "बाबा दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत?" तर मेथीची जुडी हातात धरून तिथेच रडायला लागले.

मग मैत्रिणीने मागे लागून इगतपुरीला धम्मगिरीला पाठवलं, गोएंका गुरुजींचं १९७६ पासूनचं विपश्यना ध्यानाचं केंद्र. दहा दिवसांचं शिबिर, फोन जमा, बोलणं बंद, पहाटे ४ ला घंटा, आणि पहिले तीन दिवस नुसता नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. श्वास बघता बघता बाबांचा खोकला ऐकू यायचा. पण पळायला ऑफिसच नव्हतं ना, मग बसून राहिले. खरं सांगू, ध्यान किती जमलं माहीत नाही, दुपारच्या जेवणानंतर तासभर मेल्यासारखी झोपायचे ते मात्र लागू पडलं. सगळ्यांनी उठून तिकडे जावं असं नाही हं, ताज्या धक्क्यात एवढं मौन झेपत नाही काहींना, तिथल्या फॉर्ममध्येही मानसिक आजार, औषधं विचारतातच. अशांनी सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ ला, फोन करावा, फुकट आहे.

तिथेच आजीचं सुतक आठवलं. शिवाशिव मी मानत नाही, पण दहा दिवस चूल शेजाऱ्यांची, आपल्याकडे पिठलं-भात यायचा, देवपूजा नाही, सण नाही, कुणी काही काम सांगत नाही, आलेली माणसं नुसती बसून जायची. आपण विटाळासोबत ती विश्रांतीपण टाकून दिली. आणि कायद्याचं बघा, बाळंतपणाला २०१७ पासून २६ आठवडे रजा आहे (असायलाच हवी), घरातलं माणूस गेलं तर खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही, कंपनीच्या मर्जीवर सगळं. निदान दहा दिवस द्या ना, पगारी.

हे सगळं मी एचआरला मेल करून झालंय. उत्तर आलं, "नोंद घेतली आहे." ॲपमध्ये अजून तेच तीन पर्याय आहेत.

– एक वाचक, नाशिक