एसी परत पाठवल्याबद्दल

बाणेर, पुणे
९ एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल दुपारी तुमच्याकडे एसी बसवायला आलेल्या माणसाचा मला ऑफिसमध्ये फोन आला. "मॅडम, आजोबा नको म्हणतायत, पाणी दिलं आणि दारातूनच परत पाठवलं," एवढेच तो म्हणाला. संध्याकाळी मी विचारले तेव्हा, बाबा, "माझ्या वाट्याचा धूर मी आणखी वाढवणार नाही" असे म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात, आणि आईने नेहमीप्रमाणे "जाऊ दे ग, आम्हाला सवय आहे" असे म्हणून विषय मिटवला. एकाच शहरात राहून पत्र लिहिणे विचित्र आहे हे मला कळते. परंतु फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि बोलणे संपते. कागदावर लिहिलेले मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता, ही तुमची कोर्टातली सवय मला ठाऊक आहे.

तुमच्या मनात पाडव्याच्या दिवशीचे वाक्य आहे, हे मी ओळखले आहे. श्रीखंडाची वाटी हातात असताना तुमची नात सहज म्हणून गेली की पेट्रोल आणि कोळसा तुमच्या पिढीने जाळला आणि घाम मात्र आम्ही गाळायचा. सोळाव्या वर्षी माणूस असेच बोलतो. मी तिला तेव्हाच थांबवायला हवे होते, पण मी थांबवले नाही, कारण तिचे बोलणे मला अर्धे पटले होते. राहिलेले अर्धे का पटले नाही, ते त्या वेळी मला सांगता आले नाही. ते आता लिहिते.

आधी हिशेब करू, कारण हिशेबाशिवाय तुम्ही काहीच मान्य करत नाही. तुमच्या डायऱ्यांवरून स्कूटरचा हिशेब मी काढला. १९८१ मध्ये, कित्येक वर्षे नंबर लागण्याची वाट पाहून, चेतक घरी आली आणि २००६ पर्यंत तुम्ही ती चालवली. वर्षाला चार हजार किलोमीटर आणि लिटरला चाळीस किलोमीटर धरले, तर वर्षाला शंभर लिटर पेट्रोल होते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे पंचवीस वर्षांचे मिळून पावणेसहा टनांच्या आसपास. हा वायू शेकडो वर्षे टिकणारा असल्यामुळे तुमच्या स्कूटरच्या धुरातला बराच भाग अजून वर आहे, हे नातीचे म्हणणे खरेच आहे.

आता माझा हिशेब पाहा. माझी गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर धावते, म्हणजे दीड टन. गेल्या वर्षी मी कामासाठी आठ वेळा विमानाने दिल्लीला जाऊन आले. एका फेरीचे माणशी दोनशे किलो धरले तरी ते आणखी दीड टनाच्या वर जाते. तुमच्या पंचवीस वर्षांच्या स्कूटरची बरोबरी मी दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच करते. गाडीत आम्ही तिघे असतो असे तुम्ही माझ्या बाजूने म्हणाल, पण सकाळी बाणेर रस्त्यावर मी एकटीच असते. आणि त्या आठ बैठकांपैकी निदान पाच बैठका पडद्यावर झाल्या असत्या तरी कोणाचे काही बिघडले नसते.

मात्र जबाबदारी नुसत्या टनांवर ठरत नाही, असे मला वाटते. तुम्ही कोर्टात शिरस्तेदार, म्हणजे दप्तराचे प्रमुख होता. कृत्य कोणते होते याबरोबर ते करणाऱ्याला काय ठाऊक होते आणि त्याच्यापुढे दुसरी वाट होती का, हेही पाहिले जाते, असे तुम्हीच मला शिकवलेत. कोळशाच्या धुराने पृथ्वी तापेल हे गणित स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले होते, आणि १९५८ पासून हवाईमधल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला हा वायू रोज मोजला जातो आहे. तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे. पण १९८१ मध्ये हे सदाशिव पेठेतल्या माणसाला कोठून कळणार होते? हवामान खात्याचे पुण्यातले सिमला ऑफिस तुमच्या कोर्टापासून फार दूर नव्हते, आणि तरी तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून हवामान म्हणजे पाऊस केव्हा येणार एवढेच तुमच्यापर्यंत पोचत असे. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांच्या मंडळाचा पहिला अहवाल १९९० मध्ये आला आणि रिओचा हवामान करार १९९२ मध्ये झाला. त्यानंतर "आम्हाला माहीत नव्हते" असे निदान सरकारांना तरी म्हणता येत नाही. मी त्यानंतर शाळा-कॉलेज शिकले, हे सगळे परीक्षेत लिहून गुण मिळवले आणि पुढे डिझेलची गाडी घेतली. तुम्हाला अज्ञानाची सबब आहे आणि वेळेवर न येणाऱ्या पीएमटी बसचीही आहे. मला पहिली नाही, आणि दुसरी मी कधी तपासूनही पाहिलेली नाही.

राष्ट्रांच्या बाबतीत तुम्ही पेपर वाचताना जे म्हणता ते मला मान्य आहे. आजवर जगात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, आणि जगातली सहावा हिस्सा माणसे आपल्या देशात राहत असूनही आपला हिस्सा शंभरात तीन-चारच आहे. रिओच्या करारात "सामायिक परंतु भिन्न जबाबदारी" असे शब्द याचसाठी घातले गेले. या ठिकाणी मला तुमचा वारसाच्या कर्जाचा धडा आठवतो. मिताक्षरेप्रमाणे, म्हणजे जुन्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य होते. जुगार-दारूसाठी काढलेल्या कर्जाला मात्र तो बांधील नव्हता. २००५ च्या दुरुस्तीने हे धर्मकर्तव्य कायद्यातून गेले. (मुलगी म्हणून मला जन्मतः वाटा देणारीही तीच दुरुस्ती, हे तुम्ही पेढे देऊन सांगितले होते.) तरीसुद्धा ज्याने वाडा घेतला त्याने वाड्यावरचा बोजाही घेतला, एवढे तर कोणत्याही कायद्यात उरतेच. आजच्या अमेरिकन किंवा इंग्रज माणसाने शंभर वर्षांपूर्वीचा कोळसा जाळला नाही, हे खरे. पण त्या कोळशावर उभे राहिलेले रस्ते, बँका आणि विद्यापीठे तो वापरतो, म्हणून देणेही त्याच्याकडे येते.

हे देणे ते कसे टाळतात ते वाचून तुम्हाला हसू येईल. २०१५ च्या पॅरिस करारात हानी आणि नुकसान यांचे कलम घेतले गेले, पण सोबतच्या ठरावात स्पष्ट लिहून ठेवले की या कलमातून दायित्व किंवा भरपाई यांना कोणताही आधार मिळणार नाही. पुढे २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत नुकसानीसाठी निधी उभारायचे ठरले, तोही दायित्व न मानताच. म्हणजे पैसे देऊ, पण देणे लागतो असे म्हणणार नाही. अशा पुरशिसा, म्हणजे पक्षकारांची लेखी निवेदने, तुम्ही चाळीस वर्षे पाहिल्या आहेत.

पण बाबा, हा युक्तिवाद तोंडात घेताना मला अलीकडे संकोच वाटतो. भारतातल्या माणसाचे सरासरी उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, अमेरिकेतल्या माणसाचे चौदाच्या आसपास. मी त्या दोन टनांच्या आड उभी राहते, आणि ती सरासरी खाली ठेवतात माझ्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाई, ज्यांच्या पत्र्याच्या खोलीत एक पंखा आणि एक दिवा आहे. शिवाय माझी वीज जेथे तयार होते त्या चंद्रपूरची राख तिथल्या लोकांच्या फुप्फुसात जाते. बाणेरच्या बाल्कनीत ती येत नाही. दिल्लीचे पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच एक भेद दाखवला होता: जगण्यासाठीचे उत्सर्जन वेगळे आणि चैनीचे उत्सर्जन वेगळे, दोन्ही एका तागडीत टाकता येणार नाहीत. त्यांनी तो श्रीमंत आणि गरीब देशांसाठी मांडला होता. मला तो आपल्या दोन घरांमध्येही लागू पडतो असे दिसते, आणि मुद्द्यावर मी आता येते.

तुमचे घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. जुन्या वाड्याच्या मातीच्या जाड भिंतींत उन्हाळा निघत असे, तसा तो या चार इंची विटांत निघत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळीशी गाठतो तेव्हा दुपारपेक्षा मला रात्रीची भीती वाटते, कारण शरीराला सावरायला वेळ मिळतो तो रात्रीच. सत्तरीनंतर तहान कमी लागते आणि घामही कमी येतो. त्यातच रक्तदाबाच्या तुमच्या गोळीने लघवी वाढते. हवाच शरीरापेक्षा गरम झाली, की पंखा तीच गरम हवा अंगावर टाकतो.

आणि या निर्णयात आईला कोणी विचारले? बाबा, राग मानू नका. गेल्या मे महिन्यात कुकर उतरवताना ती ओट्याला धरून खाली बसली, हे तिने मला तीन आठवड्यांनी सांगितले, तुम्हाला तर सांगितलेच नाही. तुमच्या तत्त्वाची किंमत ती मोजते आहे आणि तत्त्व तिचे नाही. आई, तू बहात्तरच्या दुष्काळात माण तालुक्यात खडी फोडलीस, दुष्काळातली मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्लीस, त्यामुळे उन्हाचे कसले कौतुक असे तुला वाटते. पण तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस. आणि खरे सांगायचे तर हिशेब तुझ्या नावाने काढायला बसले तेव्हा मला लिहायला काही सापडलेच नाही. तुझ्या नावावर स्कूटर नाही आणि विमान तर नाहीच. आहे तो एक गॅसचा सिलिंडर, आणि त्यावर शिजवलेले आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

एक टनाचा इन्व्हर्टर एसी फक्त रात्री आठ तास, सव्वीसवर, अडीच महिने चालवला तर साधारण सव्वाचारशे युनिट होतात. आपल्याकडे एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम धरले तर सगळे मिळून तीनशे किलो, म्हणजे माझ्या दिल्लीच्या दीड फेऱ्या. "एका एसीने जगाला काय फरक पडतो" असे मी म्हणणार नाही. ते वाक्य खोटे आहे, कारण जगातला प्रत्येक जण तेच म्हणू शकतो आणि म्हणतोही. मी एवढेच म्हणते की हे तीनशे किलो तुमच्या जगण्याच्या बाजूला लिहायचे आहेत, आणि माझ्या चैनीच्या बाजूने मला निदान तेवढे आधी खोडायचे आहेत. या वर्षी दिल्लीला मी तीनदाच जाईन, असे ऑफिसला कळवले आहे. मंगळवारी आणि गुरुवारी बसने जाते आहे. पहिल्या आठवड्यात दोनदा उशीर झाला.

तुमच्या एका शंकेला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एसी आपली खोली गार करतो आणि तीच उष्णता बाहेर फेकतो. बाहेरचे यंत्र मी बोळाच्या बाजूला लावायला सांगितले होते, आणि समोरच्या काकूंची खिडकी तिथून हातभर अंतरावर आहे, हे माझ्या लक्षातच आले नाही. तुमच्या ते आले असणार. आता ते गच्चीवर बसवू. पाइप लांब लागेल आणि पैसे थोडे अधिक जातील. पेठेतली हवा त्यामुळे किंचित तापेल ती तापेलच. आतला वायूही घातक आहे; गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट उष्णता अडवतो, म्हणून सर्व्हिसिंगला कोणालाही बोलावू नका, मला सांगा. आणि एसीच्या आधी गच्चीला पांढरा चुना मारून घेऊ, म्हणजे एसी कमीच लावावा लागेल.

तुम्हाला काही फेडायचेच असेल, तर सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत बोला. नव्या नकाशात आवारातला आंबा जातो आणि सगळी जमीन पार्किंगसाठी काँक्रीटखाली जाते. हरकतीचा अर्ज तुमच्यासारखा मुद्देसूद त्या इमारतीत दुसरा कोणी लिहू शकणार नाही. मी टाइप करून देईन.

नातीने हे पत्र वाचले आहे. "मी आजोबांना म्हटलं नव्हतं, पिढीला म्हटलं होतं," असे तिचे म्हणणे आहे. मी तिला सांगितले की पिढी म्हणून कोणी दार उघडायला येत नाही, आजोबाच येतात. रविवारी ती स्वतः येऊन बोलणार आहे. तुम्हीही तिला तिच्या मोबाइलच्या विजेचा हिशेब जरूर विचारा.

तोच माणूस शनिवारी सकाळी साडेदहाला पुन्हा येईल आणि त्याच्या आधी, आठ वाजता, चुना मारणारे येतील. गच्चीची किल्ली चेअरमनकडून आदल्या दिवशीच मागून ठेवा. आई, त्या दिवशी कुरडया गच्चीवर घालू नकोस.

तुमची लेक