सुमे, हे पत्र वाचून झालं की फाडून टाक

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुमे,

व्हॉट्सॅपवर लिहीत नाहीये, कारण तुझा फोन घरात सगळ्यांच्या हातात असतो. फोनही करत नाहीये, कारण आईचं ऑपरेशन गुडघ्याचं झालं आणि ऐकू मात्र जास्त यायला लागलंय. ती बरी आहे, माझी पाठ होती तशीच आहे, तब्येतीचा विषय संपला. दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही हे मान्य. रागवायचं असेल तर रागव, पण आधी हे वाच. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही आणि खरं तर तुलाही सांगायला नको आहे.

मला एका बाईबद्दल एक गोष्ट कळली आहे आणि ती तिला माहीत नाही. नाव लिहिणार नाही, गाव लिहिणार नाही. तू ओळखायचा प्रयत्न करशीलच, म्हणून आधीच सांगते, तुझा पहिला अंदाज चूक आहे.

प्रोजेक्ट तुला अर्धवट माहीत आहे. तू सासरी सगळ्यांना सांगून ठेवलंयस की वैशी एमआरआय मशीनमध्ये घालून लोकांच्या मनातलं ओळखते. मागे तुझ्या सासूबाईंनी मला थेट विचारलं, धाकट्या सुनेच्या मनात काय आहे ते बघता येईल का म्हणून! त्यांना एवढं सांग. 2009 मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी मेलेला सॅल्मन मासा मशीनमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले. आकडेमोडीत ढिलाई ठेवली, तर त्या मेलेल्या माशाच्या डोक्यातही हालचाल 'दिसते' हे त्यांनी दाखवून दिलं. 2012 मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. आमचं मशीन रक्तातल्या ऑक्सिजनचा हिशोब ठेवतं, तोही पाच-सहा सेकंद उशिरानं. सुनेच्या मनातलं सासूबाईंनाच माझ्या आधी कळेल.

आमच्या बाईंचा (इंग्लंडातल्या, आपल्या प्रॅक्टिकलच्या बाई नव्हेत) प्रश्न असा आहे की पन्नाशीपर्यंत जिला वाचता येत नव्हतं ती वाचायला शिकली, तर डोक्यात काय बदलतं? 2010 मध्ये पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या 63 प्रौढांवर असा अभ्यास झाला होता. त्यात निरक्षर होते, मोठेपणी शिकलेले होते आणि शाळेत शिकलेलेही. 2017 मध्ये उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून आधी आणि नंतर स्कॅन केलं, तेव्हा बदल थेट थॅलॅमस आणि ब्रेनस्टेमपर्यंत, म्हणजे मेंदूच्या पार खोल भागांपर्यंत, दिसला. त्याच वाटेनं पुढे जायचं म्हणून बाईंनी मला इकडे पाठवलं. म्हणजे मीच मागे लागले होते, आईचा गुडघा आणि प्रोजेक्ट एकाच तिकिटात व्हावं म्हणून.

तिकडे सेंटरमध्ये 3 टेस्लाचं (चुंबकाची ताकद टेस्लात मोजतात) मशीन आहे आणि ते फक्त संशोधनासाठी. कॅलेंडरवर तास लिहून ठेवायचा, कॉफी घेऊन बसायचं. मिरजेत मिळतं ते 1.5 टेस्लाचं. दिवसभर पेशंट, आमची पाळी रात्री नऊनंतर. मध्येच अपघाताची केस आली की आम्ही सगळ्याजणी बाहेर बाकावर, शेंगदाणे खात. तिकडे बसवलेली पद्धत इकडे चालते का हे बघायला माझंच डोकं दोन्हीकडे घातलं. दोन्हीकडे ते सारखंच निघालं. बी.एस्सी.ला तुला याबद्दल शंका होती, म्हणून मुद्दाम कळवते.

बायका वडापनं येतात. पहिल्याच रात्री मंगळसूत्रावरून अडलं. काढायचं म्हटल्यावर एकीनं पदर आवळून घेतला, बाकीच्या तिच्या मागं. मी चुंबक, टेस्ला वगैरे सांगत बसले. अंगणवाडीच्या ताईंनी पिशवीतून पिवळा दोरा काढला, त्यात हळकुंड ओवलं आणि म्हणाल्या, "ह्ये घाला गळ्यात, मग त्ये काढा." पाच मिनिटांत सगळ्या तयार. सांगलीत हळकुंडांना काय तोटा! 2018 मध्ये आपल्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा हा उपयोग कुणाला सुचला नसणार. बाईंनी तो शोधनिबंधाच्या पद्धतीच्या भागात घातलाय, अगदी गंभीरपणे. जोडवी निघता निघेनात, साबण लावावा लागतो. ब्लाउजच्या पिना ठेवायला वाटी आहे. आणि गोंदण! काही शायांत लोहाचे कण असतात, ते तापू शकतात, म्हणून फॉर्मात गोंदण आहे का असं विचारावं लागतं. प्रत्येकीला आहे. आमच्या टीममधल्या पोलिश पोरानं मीटिंगमध्ये विचारलं, "सगळ्यांना?" म्हटलं, सगळ्यांना, आणि तुझ्या आजीच्या वयाच्या आहेत.

सहकार्य या शब्दाची मजा तुला काय सांगू. मीटिंग त्यांच्या दुपारी, म्हणजे आपल्याकडे जेवणं आटोपताना. आईला वाटतं मी रात्री गोऱ्यांशी भांडते. ते खरंही आहे. ताईंच्या नावावरून केवढा वाद झाला. लेखकांच्या यादीत यायला चार अटी असतात, चारही पुऱ्या कराव्या लागतात. ताईंनी संध्याकाळी चुली सोडून आलेल्या बायकांना बाराखडी शिकवली, त्यांच्याशिवाय अभ्यासच नाही, तरी त्या 'आभार'मध्ये. मी म्हटलं, मसुदा मराठीत करून त्यांना वाचायला देते, त्या दुरुस्त्या सुचवतील, मग अडतंय कुठे? बाई म्हणाल्या, विचार करू. इंग्लंडात 'विचार करू' म्हणजे काय ते तुला कळलं असेलच, आपल्याकडे 'बघू' म्हणतात.

टाळतेय, दिसतंय ना तुला? बरं.

चित्रं आली की आधी मी बघते. कोण हललं, कुणाचं डोकं चौकटीबाहेर गेलं, कुणाच्या केसांत पीन राहिली. मी डॉक्टर नाही, हे मी रोज स्वतःला सांगते. पण इतकी डोकी बघितली की नेहमीचं कसं असतं ते डोळ्यांना कळतं. हिच्या चित्रात एका बाजूला, कवटीच्या आतून चिकटून, काहीतरी गोलसर होतं. मी कॉम्प्युटर बंद करून घरी आले. दुसऱ्या दिवशी परत उघडलं तेव्हाही ते होतं.

ठरल्याप्रमाणे रेडिऑलॉजिस्टकडे पाठवलं. ते म्हणाले, मेंदूच्या आवरणाला लागून आहे, लहान आहे, बहुधा साधंच असेल. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन परत बघायला हवं, न्यूरोसर्जनला दाखवायला हवं. मी विचारलं, तातडीचं आहे का? म्हणाले, "तातडीचं नाही. पण टाळू नका."

घोडं इथंच अडलंय, सुमे. संमतीपत्रात लिहिलंय की तातडीचा धोका दिसला तर आम्ही सांगणारच. बाकी काही आढळलं तर कळवायचं का, त्यासाठी दोन चौकटी आहेत, 'हो' आणि 'नको'. हिची खूण 'नको'वर आहे.

2009 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक आकडा आला होता. काही त्रास नसलेल्या माणसांच्या मेंदूचं स्कॅन केलं तर सुमारे 2.7 टक्के जणांत काहीतरी अनपेक्षित निघतं, म्हणजे साधारण 37 मागे एक. एथिक्स कमिटीच्या अर्जात तो मीच टाइप केला. तेव्हा त्या एकीच्या पायात जोडवी असतील, ती मला "पोरी, जेवलीस का" विचारेल, असं काही मनात आलं नव्हतं.

तिला तेव्हा वाचता येत नव्हतं. फॉर्म मी वाचून दाखवला, मराठीतच, साक्षीदार शेजारी, सगळं नियमानं. दोन चौकटींपाशी आलो तेव्हा तिचा मुलगा दारात उभा होता, गाडीची किल्ली बोटात फिरवत. तिनं आधी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "न्हाई बाई, काय निघालं तर सांगू नगा मला. कळलं की मग त्येच डोस्क्यात बसतंय." सगळ्या हसल्या, मीही हसले. तिनं अंगठा दिला.

आता ते 'नको' तिचं होतं, की दारातल्या किल्लीचं? एमआरआय म्हटलं की खर्च, खर्च म्हटलं की पोराच्या तोंडाकडे बघायचं, एवढंच होतं का ते? की तिला खरंच नको होतं? तसंही असू शकतं. आपल्या बायकांना काही ठरवताच येत नाही, असं धरून चालणारी मी कोण?

मीटिंगमध्ये मांडलं, नाव न घेता, क्रमांकानं. तिकडे पाठवायच्या चित्रांतून तर आम्ही चेहराही पुसून टाकतो, कारण स्कॅनवरून चेहरा परत उभा करता येतो. त्यामुळे त्यांच्यासाठी तो एक क्रमांकच आहे. बाई म्हणाल्या, तिनं निवड केलीय, ती मोडायचा हक्क आपल्याला नाही, कमिटीला विचारू. पोलिश पोरानं पाच निबंध पाठवले. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, मॅडम, मला विचाराल तर सांगून टाका, पण ती माझी पेशंट नाही, फॉर्म तुमचा आहे. प्रत्येकाचं बरोबर आहे आणि तिच्या दारात कुणालाच जायचं नाहीये. कमिटी बसायला अजून वेळ आहे.

आता आबांवर येते. तुला कळलंच असेल की मी तिकडे जाणार.

त्यांचा रिपोर्ट तू लॅबमध्ये होतीस तेव्हा तुझ्या हातात आला. ते तुला म्हणाले, पोरीची परीक्षा होऊ दे. आणि तू गप्प राहिलीस. माझ्याशेजारी बसून नोट्स काढल्यास, आमच्या घरी येऊन भजी खाल्लीस, आबांशी क्रिकेटवर वाद घातलास. मला कळलं तेव्हा मी तुला जे बोलले ते बोलले. तुझ्या लग्नाला आले नाही. 2019 च्या पुरात गावभागातलं तुझं घर पाण्यात गेलं नसतं आणि तू पोराबाळांसकट आमच्याकडे राहायला आली नसतीस, तर आपण अजून बोलत नसतो. तेव्हाही आपण त्यावर धड बोललो नाही. तू फक्त म्हणालीस, "मला आबांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं." मी म्हटलं, पांघरुणं वरच्या फळीवर आहेत.

मी माफी मागत नाहीये हं. मला तेव्हा कळायला हवं होतं, हे माझं मत अजून तसंच आहे. आणि दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. आबांना स्वतःला माहीत होतं, लपवायचं ते त्यांनी ठरवलं. इथे जिचं डोकं आहे तिलाच माहीत नाही, आणि मला, तिच्या कुणी नसलेल्या बाईला, माहीत आहे. पण त्या दिवसांत तू आमच्या घरात कशी वावरत होतीस, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डोळ्यासमोर आणून बघितलं.

कारण मी तिला भेटते ना! दर बुधवारी वर्गावर जावं लागतं. आणि सुमे, ती आता वाचते. एसटीच्या पाट्या वाचते. रेशनकार्डावर आपलं नाव चुकीचं छापलंय हे तिनं स्वतः वाचून काढलं आणि दुकानदाराशी जाऊन भांडली. परवा माझ्या ओढणीवर छापलेलं काहीतरी वाचून दाखवलं आणि अर्थ विचारला. अर्थ काहीच नव्हता, नुसती अक्षरं होती, डिझाइन म्हणून. "मग कशाला ल्याली?" म्हणाली. मी हसायला गेले आणि मला तिच्या कानामागं, त्या बाजूला, बघायला झालं. तिनं लगेच पदर सावरला. तिला वाटलं काही लागलंय.

दुसऱ्या फेरीचं स्कॅन पाडव्यानंतर आहे. तेव्हा नवा फॉर्म असतो आणि या वेळी तो ती स्वतः वाचणार. दोन्ही चौकटी तिच्यासमोर असतील, पोराला मी बाहेर चहाला पाठवेन. बाईंना हा मार्ग पटलाय, कमिटीलाही बहुतेक पटेल. कागदावर याहून चांगलं काही होणार नाही. पण 'टाळू नका' म्हणजे पाडव्यापर्यंत थांबा असं होतं का? डॉक्टर म्हणतात, एवढ्यानं बिघडणार नाही. मी फॉर्म आधीच घेऊन घरी गेले, तर न सांगताच सांगितल्यासारखं होईल. माझं तोंड तुला माहीत आहे. व्हायव्हाला सरांनी प्रश्न विचारायच्या आधी माझं उत्तर चुकलेलं दिसायचं. आणि तिनं स्वतः वाचून पुन्हा 'नको'वरच खूण केली तर? तर मी गप्प राहायचं, मग कायमचं. तेही मान्य करायला हवं, नाहीतर तिला विचारायचं नाटक कशाला?

तर मला तुझ्याकडून सल्ला नको आहे. सल्ला द्यायला पाच निबंध आहेत. मला एवढंच सांग, तुला ते जमलं कसं? म्हणजे खरोखर कसं? तू माझ्याकडे बघणं टाळायचीस का? काही ठरवून बोलायचीस? मी तेव्हाचं सगळं आठवून बघितलं आणि मला एकही दिवस असा सापडत नाही की तू वेगळी वागलीस. याचाच मला सगळ्यात जास्त राग होता. आता तेच शिकायचंय आणि बुधवार जवळ आलाय.

तुझ्या बदलीचं काय झालं? लातूरचं पाणी कसं आहे? मोठीनं सायन्स घेतलं म्हणे. फिजिक्स घेऊ देऊ नकोस, घेतलंच तर माझं नाव पुढे करू नकोस. भाऊजींना नमस्कार. भडंग दोन किलो पाठवलंय, अर्धं सासूबाईंना द्यायचं आहे, अर्धं म्हणजे खरंच अर्धं. आहेर अजून माझ्याकडेच आहे, पैठणी आहे. तू आलीस तरच मिळेल. पोस्टानं पाठवणार नाही.

उत्तर कॉलेजच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. बुधवारच्या आत पोचणार नाही हे मला माहीत आहे, तरी पाठव.

तुझी,
वैशी