तुरीच्या फुलोऱ्यात भुंग्याकडेही बघा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बंबलबी या गुबगुबीत केसाळ माशीची माहिती आली ती आवडली, राणी हिवाळाभर एकटी मातीत दडून राहते, वसंतात निघून उंदराच्या जुन्या बिळात घर मांडते आणि पहिल्या अंड्यांना स्वतःच्या अंगाची ऊब देते, हे वाचून भारी वाटलं. पण त्या माश्या थंड मुलखातल्या, आपल्या देशात हिमालयाकडच्या. विदर्भाच्या उन्हात राबतो तो आपला काळा भुंगा, म्हणजे लाकडात घर करणारी मोठी माशी, त्याच्यावर कोणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र.

गोठ्याच्या बांबूला गोल भोक आणि खाली भुसा दिसला की आमच्याकडे लोक लगेच रॉकेल ओततात नाहीतर चिखल थापतात. अहो, आत भुंग्याची मादी असते. ती लाकूड खात नाही, नुसतं कोरते, मग पराग आणि मधुरसाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडं, पुढं भुशाची भिंत, परत गोळा, परत अंडं, अशा ओळीनं खोल्या. अळी तेवढ्या गोळ्यावरच वाढते, कोषात जाते आणि भुंगा होऊन निघते. मधमाश्यांसारखं हजारोंचं पोळं नसतं, पिल्लं मोजकीच, त्यामुळे एक भोक बुजवलं की अख्खं घराणं गेलं. आणि तोंडासमोर येऊन घोंघावणारा बहुतेक नर असतो, त्याला नांगीच नसते.

वांग्याच्या फुलावर भुंग्याला एकदा नीट बघा. पुंकेसर बंद नळीसारखे, टोकाला बारीक छिद्र. भुंगा त्याला मिठी मारतो, उडत नसतानाही अंग थरथरवतो, आवाज एकदम बदलतो आणि पराग भुरभुर पोटावर सांडतो. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमतच नाही! तूर बरीचशी स्वतःच्याच परागावर धरते हे खरं, पण भुंगा बसला की वजनानं खालची पाकळी दबते, पराग अंगाला लागतो आणि या झाडाचा त्या झाडाला जातो. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, रुईसुद्धा त्याच्याच भरवशावर.

आणि आपण काय करतो, तर शेंगा पोखरणारी घाटेअळी दिसली की भर दुपारी, फुलं उघडी अन् भुंगे वावरात असताना पंप पाठीवर घेतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, तेच औषध फुलावर पडल्यावर एवढ्याशा जिवाचं काय होत असेल?

म्हणून एक विनंती, तुरीला कळ्या धरायच्या वेळेला शेतीच्या पानावर ठळक चौकट छापा. आधी निंबोळी अर्क मारा, कडक औषध लागलंच तर भुंगे परतल्यावर संध्याकाळी मारा, धुरा पेटवू नका आणि गोठ्यामागचे दोन-चार जुने वाळके बांबू तसेच राहू द्या.

आपला,
एक शेतकरी वाचक,
जि. यवतमाळ